नाव न घेता

१७ जानेवारी

खोटं निघालं! माईक लागतच नाही.

राजधानीतून, बिश्केकहून आलेल्या पोरीनं — बेगाइम तिचं नाव, नखं निळीशार — आमच्या सगळ्यांच्या हातात एकेक कागद ठेवला. वर ठळक अक्षरांत : 'पॉडकास्ट सुरू करण्याविषयीचे नऊ गैरसमज'. आमच्याच वाचनालयाचा हॉल. आम्ही अकराजणी, अंगात कोट, कारण हीटर पुन्हा बंद. मी तिथली कर्मचारी म्हणून बसले होते. रिकाम्या खुर्च्या बऱ्या दिसत नाहीत ना.

पहिला गैरसमज — महागडं सामान लागतं. दुसरा — स्टुडिओ लागतो. तिसरा — आपल्याकडे सांगण्यासारखं काही नाही. तिसऱ्याशी ती थांबली आणि बोट नेमकं माझ्याकडे. "ताई, तुमच्याकडे काय आहे?"

"माझ्याकडे सासर आहे," मी म्हटलं.

सगळ्या खो-खो हसल्या. ती हसली नाही. "मग पुष्कळ आहे," म्हणाली.

येताना पुलावर वारा असा की डोळ्यांतलं पाणी गालावर गोठलं. चौदा वर्षं नारीनमध्ये काढली, अजून या वाऱ्याची सवय नाही. पण डोक्यात एकच — माझ्याकडे पुष्कळ आहे! घरी आल्यावर पीठ मळताना दोनदा मीठ घातलं.

१९ जानेवारी

बटण दाबायचं नि बोलायचं, त्यात काय एवढं — असं वाटत होतं. हा गैरसमज कागदावर नाही. घालायला हवा होता.

जागा सापडली. मागची खोली, जिथं पाहुण्यांच्या गाद्या नि रजया छतापर्यंत रचून ठेवल्यात. चळत आणि भिंत यांच्या मधल्या फटीत शिरून बसलं की बाहेरचा कुत्रासुद्धा ऐकू येत नाही. बेगाइम म्हणालीच होती, मऊ कापड आवाज पिऊन टाकतं. माझ्या लग्नातल्या दहा गाद्या शेवटी कामाला आल्या! सासूबाई जेवून झोपलेल्या, हे कोळशाचा ट्रक घेऊन खाणीवर, दोन्ही मुलं बर्फावर घसरायला, शेंडेफळ दुपारच्या शाळेत.

वीस मिनिटं बोलले. मग ऐकलं. काही नाही! नुसती खुसफुस. कोठारात उंदीर शिरल्यासारखी.

या घरात आले तेव्हा सासरे होते. सासऱ्यांच्या कानावर सुनेचा आवाज पडू नये. त्यांना जाऊन चार वर्षं झाली, घसा अजून तसाच दबलेला. बंद खोलीत, गाद्यांशी बोलतानासुद्धा!

२० जानेवारी

पुन्हा बसले. आधी रजईत तोंड खुपसून एकदा जोरात ओरडले. मग जमलं.

२४ जानेवारी

पहिला भाग टाकला. नाव 'अर्धी वाटी'. पाहुण्याला चहा अर्धीच वाटी द्यायचा, म्हणजे तो पुन्हा मागणार आणि सून पुन्हा उठणार. काठोकाठ भरून दिली तर 'प्या नि निघा' असा अर्थ. अठरा मिनिटं यावरच बोलले. लग्नाच्या पहिल्या महिन्यात एकदा भरून दिली होती, दोन आठवडे ऐकून घेतलं!

बेगाइमला फोन केला. खूष झाली. "ताई, एक सांभाळा. घरच्यांबद्दल बोलणार असाल तर नावं बदला."

मला हसूच आलं. बदलायला आधी नावं घ्यायला हवीत! चौदा वर्षांत नवऱ्याकडच्या एकाही माणसाचं नाव माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. सून नाव घेत नाही, आपण ठेवलेल्या नावानं हाक मारते. सासरे 'घड्याळवाले' — जेवणाआधी घड्याळाला किल्ली दिल्याशिवाय घास घेत नसत. मोठे दीर 'मोठ्या टोपीचे'. सासूबाई नुसत्या 'एने', म्हणजे आई, कारण चाळीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईला टोपणनाव ठेवायची माझी छाती नाही. आणि सगळ्यांत धाकटं ते 'शेंडेफळ'. इथं वहीतही तसंच लिहितेय की! हात वळतच नाही दुसरीकडे.

तेव्हा काळजी नाही. ऐकणाऱ्याला काय कळणार, टोपीचे कोण नि घड्याळाचे कोण.

१ फेब्रुवारी

चौथा गैरसमज — पहिल्या दिवसापासून हजारो लोक ऐकतील. छे! नऊ. तीन भाग झाले आणि ऐकणारे नऊ. अट-बाशी गावाची मिनीबसही भरायची नाही.

पण मला बरं वाटलं. नऊ परकी माणसं. कोण ओशमध्ये, कोण पार मॉस्कोत. त्यांना मी माहीत नाही, मला ते माहीत नाहीत. असं कुणाशी बोलायला मिळालंय मला आजवर?

तिसऱ्या भागात मोठ्या टोपीच्यांचं घोरणं सांगितलं, त्यांच्या घोरण्यानं भिंतीवरची तसबीर कशी पडली ते. स्वतःच इतकी हसले की दोनदा थांबवावं लागलं.

६ फेब्रुवारी

आज शेंडेफळ तेरा वर्षांचं झालं.

सकाळी मी सासूबाईंपुढे वाकले आणि म्हणाले, "एने, लेकीचा वाढदिवस मुबारक." त्या म्हणाल्या, "सुखी राहा, सूनबाई." मग कणकेचे बोरसोक तळले, केक केला. ती स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकली. "वहिनी, माझं नाव नीट लिहा हं. मागच्या वेळी पुसट आलं होतं." क्रीमनं लिहिलं. केकवर चालतं, ते खाऊन टाकायचं असतं.

तेरा वर्षांपूर्वी आज दुपारी मी तिला जन्म दिला. माझी पहिली. मी वीस वर्षांची होते. चाळिसाव्या दिवशी ती सासू-सासऱ्यांची झाली. पहिलं मूल आजी-आजोबांचं — आमच्यात पुष्कळ घरांत असतं हे, आणि बाकीच्या घरांत मुलाला ते ठाऊकही असतं. इथं नाही. आदल्याच वर्षी सासूबाईंची अकरा वर्षांची लेक तापानं गेली होती. त्या जागेवर ही बसली आणि कुणी काही बोललंच नाही. कागदोपत्रीही त्यांचीच. ती सासूबाईंना आई म्हणते, मला वहिनी. माझी मुलं, तिचे सख्खे भाऊ, तिला आत्या म्हणतात!

दूध मात्र मीच पाजलं. सासूबाई हाक मारायच्या, "सूनबाई, माझ्या लेकीला भूक लागलीय." जायची, पाजायची, परत द्यायची.

सगळ्या भावकीला माहीत आहे. एक तिला सोडून.

केकचा पहिला घास तिनं आईला भरवला. दुसरा मला. दुसरा तरी मला.

७ फेब्रुवारी

आज काही लिहायचं नाही.

१६ फेब्रुवारी

कागद पुन्हा काढला. सातवा गैरसमज — पॉडकास्ट म्हणजे नुसत्या गप्पा. खाली बेगाइमनं बारीक अक्षरात लिहिलंय, माणसं गप्पांसाठी येतात पण थांबतात ती खऱ्यासाठी. चार भाग झाले माझे. चहा, बोरसोक, घोरणं, नणंदेचं लग्न. खरं एकदाही बोलले नाही.

२२ फेब्रुवारी

बोलले.

'एका घरात' अशी सुरुवात केली. घड्याळवाले, एने, शेंडेफळ. एकवीस मिनिटं. मध्ये रडू आलं, ते तसंच ठेवलं. शेवटी म्हणाले, "आणि चाळिसाव्या दिवशी त्यांनी तिला माझ्या मांडीवरून उचलून नेलं."

ऐकताना या वाक्याशी थांबले. पुन्हा लावलं. पुन्हा थांबले.

तसं झालं नव्हतं.

पण ऐकायला ते वाक्य फार चांगलं वाटतं. ठेवलं.

२४ फेब्रुवारी

सकाळी टाकला पाचवा भाग. आता अट-बाशीला निघतोय. जाऊबाईंच्या पहिल्या नातवाला पाळण्यात घालायचंय. शेंडेफळानं माझा लाल रुमाल मागितला डोक्याला. दिला. मला कधी एवढा शोभला नाही तो.

२५ फेब्रुवारी

लिहिते. कालचं लिहायलाच हवं.

जाऊबाईंच्या मोठ्या खोलीत वीसेक बायका. मी समोवारापाशी, चहा ओतायला. सासूबाई वरच्या मानाच्या जागी. कोपऱ्यात जाऊबाईंची सून, एकोणीस वर्षांची, खाली मान, मांडीवर बाळ. मुलं सगळी पलीकडच्या खोलीत. जाऊबाई नेहमीसारख्या आरडाओरडा करत होत्या — "अगं खा गं, मांस काय माझ्या सासूनं मोजून दिलंय का!" — आणि सासूबाई तिथंच बसलेल्या! हशा.

तेवढ्यात मोठ्या टोपीचे दारात डोकावले, लाकडं हवीत का विचारायला. आणि आमच्या एक चुलत सासूबाई टाळी देऊन म्हणाल्या, "या या, मोठ्या टोपीचे! तसबिरी पाडणारे! तुमची कीर्ती मॉस्कोपर्यंत गेली की हो!"

मला आधी कळलंच नाही.

"माझ्या लेकानं पाठवलं तिकडून," त्या सांगत होत्या. "फोनवर कोणी बाई बोलते. म्हटलं, ही तर आपल्याच घरातलं सांगतेय! पहिल्याच वाक्याला ओळखलं मी. मोठ्या टोपीचे काय जगात दोन आहेत?" आणि माझ्याकडे बघून डोळा मारला. "छान बोलतेस गं. आम्हाला वाटायचं, तुला तोंडच नाही."

माझा हात थांबला नाही, आणि वाटी काठोकाठ भरली. वर चहा बशीत सांडला. कुणीतरी म्हणालं, "अगंबाई, पाहुण्यांना हाकलतेस की काय!" सगळ्या पुन्हा हसल्या. मीही हसले.

मग जाऊबाईंच्या हातात फोन. "थांबा, आज नवा आलाय! लावते." भाग काढून टाकायचा तर माझा फोन कोटात, कोट बाहेरच्या ढिगात तळाशी. उठणार कशी? चहा कोण ओतणार?

माझा आवाज खोलीत आला. इतका मोठा माझा आवाज त्या घरानं कधी ऐकला नव्हता. 'एका घरात...' पहिल्या वाक्याला हसल्या. दुसऱ्याला 'घड्याळवाले' आले तेव्हा कुणीतरी 'बिचारे' म्हणालं. 'शेंडेफळ' आलं तशी खोली गप्प झाली. जाऊबाईंना तो बंद करता येईना. बोटं तुपाची, काच ऐकेना. शेवटी त्या फोनवर बसल्या! खरंच बसल्या. आणि त्यांच्याखालून मी बोलतच राहिले.

मग तोच आवाज पलीकडच्या खोलीतून आला. थोडा मागे पडलेला. मुलांनीही लावला होता.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. हातातली वाटी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "उशीर होतोय. बाळाला पाळण्यात घाला."

शेंडेफळ दारात आलं. लाल रुमाल डोक्यावरून काढला, घडी घातली, समोवारापाशी माझ्या गुडघ्याजवळ ठेवला. बूट घातले. गाडीत जाऊन बसली. दोन तास. काचा आतून पांढऱ्या झाल्या तरी उतरली नाही.

नाव घेतलं नाही म्हणजे कुणाला कळणार नाही — हा माझा गैरसमज. बेगाइमच्या कागदावर नाही तो. असणार कसा? तिला कुठं माहीत की ही नावं मीच ठेवलेली, आणि भावकी चौदा वर्षं लग्नाकार्यात त्यांवरूनच थट्टा करत आलीय! खरी नावं घेतली असती तर कदाचित कुणी ओळखलं नसतं. त्या नावांची माणसं गावागावात दहा आहेत. शेंडेफळ एकच.

२६ फेब्रुवारी

पाचवा भाग काढून टाकला. एका बोटाचं काम.

२८ फेब्रुवारी

काढला की गेला — आणखी एक गैरसमज! जो तो एकमेकाला पाठवतोय. बाजारात बटाटेवालीनं माझे दोन्ही हात धरले. "आवाजावरून ओळखलं. धीराची आहेस गं बाई, माझंही एक असंच गेलं." रडायला लागली. तिच्या पलीकडची कांदेवाली माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. मला नऊच पुरे होते.

आज हे खाणीवरून आले. जेवताना म्हणाले, "पोरांनी ट्रकमध्ये लावलं होतं. माझी बायको रडत होती आणि वीस ड्रायव्हर ऐकत होते." बस, एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं.

१ मार्च

ती कुणालाच काही म्हणत नाही. सासूबाईंना आई नाही, मला वहिनी नाही. दोघींनाही 'ऐका'. "ऐका, मीठ कुठंय." "ऐका, मी शाळेत चालले." दोघीही आम्ही एकदम 'हो' म्हणतो.

धाकट्यानं विचारलं, "आत्या, तू आमची आत्या नाहीस का?" ती म्हणाली, "मला नका विचारू. मला सगळ्यांत शेवटी कळतं."

३ मार्च

मोठ्या टोपीचे आले. टोपी न काढता बसले. माझ्याशी बोलत नव्हते, भिंतीशी बोलत होते. "या घरातलं कधी बाहेर गेलं नव्हतं. वडील गेले ते बरं झालं. आमच्या आईला साऱ्या देशात चोर ठरवलं." हे खाली मान घालून बसले. मी चहा ओतत होते. ओततेच आहे मी, दुसरं येतं काय!

तेव्हा शेंडेफळ आत आलं. सगळ्यांच्या मधोमध उभी राहिली. कुणाकडेच न बघता विचारलं, "मी दिलेली की घेतलेली?"

ह्यांनी वाटी उचलली, पुन्हा खाली ठेवली.

"ऐका. मी विचारतेय. दिली की घेतली?"

"घेतली," सासूबाई म्हणाल्या. "मी घेतली."

सरळ तिच्या डोळ्यांत बघून. चाळीस वर्षं पोरांपुढे उभी राहिलेली बाई. शेंडेफळ वळलं आणि निघून गेलं. मोठ्या टोपीच्यांनी मग टोपी काढली.

आणि मी गप्प! हातात किटली, तोंडात शब्द, आणि गप्प. सगळ्या जगाला बोलून बसले आणि त्या खोलीत बोलता आलं नाही.

४ मार्च

खरं इथं तरी लिहीन.

चाळिसावा दिवस. बाळाला अंघोळ घातली, बायका जमल्या, खाणं झालं. सासूबाई खिडकीपाशी बसल्या होत्या, मांडीवर त्यांच्या गेलेल्या लेकीचा निळा कोट. वर्षभर तो कोट घेऊनच बसायच्या. त्यांनी काही मागितलं नाही. घड्याळवाल्यांनीही नाही. मी उठले. तीन पावलं गेले. कोट बाजूला केला आणि बाळ तिथं ठेवलं. म्हणाले, "एने, ही तुमची."

बायका म्हणाल्या, काय सून मिळालीय! घड्याळवाल्यांनी मला आशीर्वाद दिला, पहिल्यांदा माझ्याशी थेट बोलले. माझी मान आनंदानं खाली होती. हो, आनंदानं!

का दिली? तो कोट मला बघवत नव्हता म्हणून. चाळीस दिवस मी धड झोपले नव्हते म्हणून. आणि हे दिलं की या घरात माझी जागा पक्की, असं वाटलं म्हणून. तिन्ही खरं. कशात किती, ते अजून कळलेलं नाही. तिसऱ्या दिवशी परत मागावीशी वाटली. मागितलं नाही. मग कधीच नाही.

आणि आता एका चांगल्या वाटणाऱ्या वाक्यासाठी म्हातारी पोरीपुढे चोर होऊन बसलीय. एका शब्दानं मला उघडं पाडलं नाही. मी असते तर पाडलं असतं.

८ मार्च

महिला दिन. ह्यांनी तीन जुड्या ट्यूलिप आणले. टेबलावर ठेवले आणि ट्रक धुवायला गेले, एवढ्या थंडीत. कुणाची कुठली जुडी ते सांगितलं नाही. तिन्ही एकाच बरणीत आहेत.

१० मार्च

जाऊबाईंचा फोन. नमस्कार-चमत्कार काही नाही. "मी सुनेकडं बाळ मागणार होते. परवा तिचा चाळिसावा झाला. तोंड उघडलं आणि तुझा तो मेला आवाज कानात! सगळी गंमत घालवलीस. ठेवलंय तिचं तिलाच. रात्रंदिवस रडतं कार्टं, रडू दे. झालं समाधान तुझं?" आणि ठेवला फोन.



१२ मार्च

सांगितलं तिला.

शाळेला सुट्टी होती. गाद्यांच्या खोलीत ती चळतीत पाठ रुतवून बसली होती, माझ्याच जागेवर. मी खाली समोर बसले. म्हणाले, "एनेंनी घेतली नाही. मी दिली. कुणी मागितलं नव्हतं." कोट सांगितला, झोप सांगितली, जागा पक्की व्हायचंही सांगितलं. ते सांगताना आवाज पुन्हा उंदरासारखा झाला.

तिनं सगळं ऐकलं. "मग त्यात खोटं बोललात?"

"हो."

"का?"

"ऐकायला चांगलं वाटलं."

ती माझ्याकडे बघत राहिली. माझेच डोळे आहेत, तेरा वर्षं कुणी म्हटलं नाही तरी. "म्हणजे मला दिलं ते दिलं," ती म्हणाली, "वर आईला चोर केलं."

उठून गेली. दार आपटलं असतं तर चाललं असतं. उघडंच ठेवलं.

मला भीती वाटते. आता ती जाईल. आज नाही, पण अठराची झाली की बिश्केकला, मग आणखी पुढं कुठं. सुट्टीत येईल ती म्हातारीला भेटायला. मला 'ऐका' म्हणेल.

१५ मार्च

आज 'ऐका'सुद्धा नाही.

१८ मार्च

कणीक मळत होते. सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. तीन आठवड्यांत कामाशिवायचं पहिलं बोलणं.

"सूनबाई, तुझं ते यंत्र कुठं असतं?"

"कुठलं, एने?"

"ज्यात बोलतेस ते."

"फोन. फोनच आहे तो, एने."

"मग तो चार्ज करून खिडकीत ठेव. आणि उद्या दुपारी तू शेजारी जा. त्यांच्याकडे नवरोजची तयारी आहे, हातभार लाव."

चुलीत टाकतील बहुधा. टाकू देत. ठेवला खिडकीत.

२० मार्च

'अर्धी वाटी'चा सहावा भाग आलाय. मी केलेला नाही! तीन मिनिटं. खोली गाद्यांचीच, लगेच ओळखली. आधी शेंडेफळ : "बोल आई, चालू आहे." मग सासूबाई, वर्गात बोलतात तशा मोठ्यानं — "मागच्या भागात एक चूक आहे, आणि नंतर मी घरात आणखी एक केली. मी घेतली नाही. तिनं दिली. पण मी हात पुढे केले होते. ती वीसची पोर होती, मी पंचावन्नची. हात मला मागे घेता आले असते." मग शेंडेफळ : "नुसतं ती-ती नको. नाव सांग. माझ्या आईचं नाव सांग."

"जिपार," सासूबाई म्हणाल्या.

चौदा वर्षांत पहिल्यांदा.

खिडकी उघडली. अंगणात ती फावड्यानं बर्फ लोटत होती.

"आयपेरी!" मी हाक मारली. दबक्या आवाजात नाही.

फावडं थांबलं.